तास कोणाचा? वर्गाची सूत्रं मुलांच्या हाती कधी आणि कशी द्यावीत

वर्ग बघायला आलेल्या माणसाची नजर बहुधा आधी बैठकीवर जाते. मुलं गोलात बसली असतील, फरशीवर रंगीत चौकटी असतील, हातात मणी-चिंचोके असतील, तर वर्ग ‘बालकेंद्री’. बाकांच्या रांगा, फळ्यापाशी सर आणि समोर माना डोलावणारी मुलं दिसली, की ‘शिक्षककेंद्री’. २२ जून २०१५च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि पुढच्या काही वर्षांत कितीतरी जिल्हा परिषद शाळांच्या फरशा रंगल्या. काही ठिकाणी त्यातून खरंच शिकणं बदललं. काही ठिकाणी मात्र रंगवलेल्या फरशीवर बसूनही मुलं बाई सांगतील तोच मणी, बाई सांगतील तेव्हाच उचलत राहिली.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ कृतीतून, शोधातून आणि भीतीविना शिकण्याची अपेक्षा ठेवतं. पण वर्गात शिरल्यावर पन्नास मुलं, पस्तीस मिनिटं आणि संपवायचा पाठ समोर असतो, तेव्हा ‘बालकेंद्री व्हा’ या उपदेशाचा उपयोग फारसा होत नाही. त्यापेक्षा एक साधा प्रश्न हाताशी ठेवा : या मिनिटाला विचार कोण करतंय? मुलं रांगेत बसूनही डोकं चालवत असतील, तर तो तास त्यांचा आहे. गोलात बसून फळ्यावरचं उतरवत असतील, तर नाही. मुलांचा अभ्यासातला हुरूप टिकतो की विझतो, हे बरंचसं या प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं. पुढच्या सूचना याच कसोटीला धरून आहेत.

आधी आपला तास ऐका

बदल करण्याआधी आत्ता काय चाललंय ते पाहा. एखाद्या तासाला मोबाइल टेबलावर ठेवून फक्त आवाज ध्वनिमुद्रित करा. तो कोणाला ऐकवायचा नाही, स्वतःच ऐकायचा. ऐकताना तीन गोष्टी मोजा.

१. किती मिनिटं तुम्ही बोलत होता?
२. किती वेगवेगळी मुलं बोलली? तीच चार मुलं दहा वेळा बोलली असतील, तर ती चारच.
३. तुमच्या किती प्रश्नांना एका शब्दापेक्षा मोठं उत्तर लागत होतं?

“घन, द्रव आणि…?” म्हटल्यावर सगळा वर्ग एका सुरात “वाऽऽयू” म्हणतो. “कळलं का?” म्हटल्यावर “होऽऽ” येतं. या गजराने वर्ग जिवंत वाटतो, पण त्यात किती जणांना खरंच कळलं, हे समजायला काही मार्ग नसतो. ज्याला कळलेलं नाही त्याला या गजरात लपायला छान जागा मिळते, आणि रोज लपत राहिलेलं मूल काही महिन्यांत त्या विषयातून मनाने बाहेर पडतं.

हुरूप कशाने येतो

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी प्रेरणेवर कित्येक दशकं काम केलं. त्यांच्या मांडणीनुसार आतून येणारी प्रेरणा तीन गरजांवर उभी असते : स्वायत्तता, सक्षमता आणि आपलेपणा. मुलांच्या भाषेत सांगायचं तर, “मला काहीतरी ठरवता येतंय”, “मला जमतंय” आणि “इथे मला कोणीतरी ओळखतं.”

यातली एक गरज जरी पूर्ण उपाशी राहिली तरी वर्गाचा तोल जातो. नुसतं स्वातंत्र्य दिलं आणि जमेना, तर मूल गोंधळतं, मग खोड्या काढतं. सगळं जमवून दिलं, पण ठरवायला काहीच ठेवलं नाही, तर ते कंटाळतं. दोन्ही दिलं, पण चुकल्यावर वर्ग हसत असेल, तर ते हात वर करणं सोडून देतं.

आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाड परिसरातल्या आदिवासी पाड्यांवर हे प्रत्यक्ष करून दाखवलं. मुलं शाळेपर्यंत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळा पाड्यातल्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच ‘कुरणशाळा’ भरवली. मुलाच्या आयुष्याला शाळेच्या साच्यात कोंबण्याऐवजी शाळेने चार पावलं पुढे जायचं, ही त्यामागची दृष्टी होती. आपल्या वर्गात तिचा अर्थ इतकाच घ्या की उदाहरणं, कामं आणि वेळापत्रक आखताना समोरच्या मुलांचं जगणं ठाऊक असलं पाहिजे. ऊसतोडीवरून परतलेल्या मुलाला ‘सुट्टीत तुम्ही कुठे फिरायला गेलात’ हा निबंध देणं म्हणजे त्याला बाहेर उभं करण्यासारखंच आहे.

समोर उभं राहून शिकवायचं तेव्हा बिनधास्त शिकवा

‘शिक्षकाने बोलायचंच नाही’ असा अर्थ काढून पुष्कळ उत्साही शिक्षकांची फसगत होते. अगदी नवी गोष्ट असेल, तर मुलांना ‘शोधा’ म्हणून सोडून देणं हे त्यांच्यावर अन्याय करणारं ठरू शकतं. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकापासून केलेल्या प्रयोगांत दिसलं की नवशिके विद्यार्थी एकदम गणितं सोडवायला बसण्यापेक्षा आधी सोडवून दाखवलेली उदाहरणं अभ्यासून अधिक चांगलं शिकतात. मात्र तीच मुलं विषयात सरावली, की तेच तपशीलवार मार्गदर्शन त्यांना अडथळा वाटू लागतं. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला डबा बांधतात, तसंच हे. पहिल्या दिवशी डबा हवाच आणि पोहता आल्यावर तो सोडायलाच हवा. आपले बरेच वर्ग एक तर डबा देत नाहीत, नाही तर दहावीपर्यंत सोडत नाहीत.

तेव्हा असं ठरवा :

• नवी संकल्पना, धोक्याचा प्रयोग, नवी लेखनपद्धत, अवघड उच्चार : इथे तुम्ही पुढे. नेमकं, थोडक्यात आणि मोठ्याने विचार करत दाखवा. “मी आधी छेद पाहते, कारण…” असं ‘कारण’ ऐकू आलं पाहिजे.
• सराव, उपयोजन, चुका शोधणं, उजळणी, प्रकल्प : इथे मुलं पुढे आणि तुम्ही त्यांच्यामध्ये फिरता.
• एका दमात आठ-दहा मिनिटांपेक्षा जास्त बोलू नका. मध्ये मुलांना काहीतरी करायला द्या, मग पुन्हा बोला.

पस्तीस मिनिटांचा एक तास

भिन्नच्छेद अपूर्णांकांची बेरीज हा पाचवी-सहावीतला हमखास अडणारा घटक घेऊ. फळ्यावर लिहा : १/२ + १/३.

*पहिली पाच मिनिटं.* प्रत्येकाने एकट्याने, न बोलता वहीत उत्तर लिहायचं. तुम्ही रांगांमधून फिरा. बरोबर-चूक काहीही म्हणू नका. दिसलेली सगळी उत्तरं फळ्यावर मांडा. त्यात २/५ हे उत्तर नक्की असेल, कारण अंशात अंश आणि छेदात छेद मिळवण्याचा मोह फार मोठा असतो. उत्तर कोणाचं, ते सांगायचं नाही.

*पुढची चार मिनिटं.* एकच प्रश्न : २/५ हे अर्ध्यापेक्षा मोठं की लहान? शेजाऱ्याशी बोला. पाचातले दोन म्हणजे अर्ध्याहून कमी, हे मुलांच्या ध्यानात येतं आणि मग कोणीतरी म्हणतं, “अर्ध्यात अजून मिळवलं, तर अर्ध्यापेक्षा कमी कसं होईल?” आता उत्तर जाणून घेण्याची गरज मुलांना वाटू लागली.

*पुढची आठ मिनिटं तुमची.* कागदाच्या दोन सारख्या लांबीच्या पट्ट्या घ्या. एकीची अर्धी बाजू रंगवा, दुसरीचा तिसरा हिस्सा. दोन्हींचे सहा-सहा सारखे भाग करून दाखवा : १/२ म्हणजे ३/६, १/३ म्हणजे २/६, मिळून ५/६. मग दुसरं उदाहरण फळ्यावर सोडवा, प्रत्येक पायरीचं कारण बोलत.

*पुढची दहा मिनिटं मुलांची.* सहा उदाहरणं द्या, त्यांतली कोणतीही तीन सोडवायची. दोन सोपी, दोन मधली, एक अर्धं सोडवलेलं. सहावं असं : “एकाने ३/४ + १/६ = ४/१० असं लिहिलं. त्याला पत्रातून समजावून सांगा.” इथे उत्तर ११/१२ येतं, पण खरं काम समजावून सांगण्याचं आहे. कोणतं निवडायचं ते मूल ठरवतं, पण शिकायचं काय, हे तुम्हीच ठरवलेलं आहे. निवड एवढीच द्या, पण ती खरी द्या. मुलाने सोपी तीन घेतली म्हणून टोमणा मारला, तर पुढच्या वेळी निवड उरत नाही.

*पुढची पाच मिनिटं.* जोडीने वह्या बदलून तपासणी. चूक सापडली, तर फक्त खूण करायची. दुरुस्ती ज्याची त्याने करायची.

*शेवटची तीन मिनिटं.* कागदाच्या चिटोऱ्यावर एक बेरीज आणि एक वाक्य : ‘मला अजून … कळलं नाही.’ जाताना ती चिठ्ठी टेबलावर. स्टाफरूममध्ये चहा पिता पिता चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे करा : जमलं, थोडं अडलं, मुळीच नाही. उद्याच्या तासाची सुरुवात तुम्हाला आपोआप मिळते.

या तासात तुम्ही सलग आठच मिनिटं शिकवलंत, पण ती आठ मिनिटं मुलांनी मनापासून ऐकली, कारण तोपर्यंत त्यांना प्रश्न पडलेला होता.

प्रश्न विचारा आणि गप्प राहा

मेरी बड रो या अमेरिकन संशोधक-शिक्षिकेने वर्गातल्या संवादाची ध्वनिमुद्रणं अभ्यासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात आणि मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देतात, असं तिला आढळलं. ही वाट पाहणं तीन सेकंद किंवा त्याहून जास्त केलं, तेव्हा उत्तरं लांबली, जास्त मुलं बोलू लागली आणि ‘माहीत नाही’ कमी झालं.

तीन सेकंद फार वाटत नाहीत, पण वर्गात ते युगासारखे वाटतात. मनात ‘एक विठ्ठल, दोन विठ्ठल, तीन विठ्ठल’ मोजा. प्रश्न आधी विचारा, नाव नंतर घ्या. “सुरज, सांग…” म्हटलं, की उरलेली पंचेचाळीस मुलं सुटकेचा श्वास सोडतात. उत्तर आल्यावर लगेच “शाब्बास” न म्हणता “तुला असं का वाटलं?” एवढं विचारा. चुकीच्या आणि बरोबर, दोन्ही उत्तरांना हाच प्रश्न विचारा. नाही तर ‘का’ ऐकताच मुलं समजतात, की आपलं चुकलं.

गटकार्य : एकाने केलं, चौघांनी पाहिलं

गटात बसवलं म्हणजे विद्यार्थीकेंद्री झालं, हा सर्वात महाग पडणारा गैरसमज. गटप्रमुख म्हणून नेहमीचीच हुशार मुलगी असते. ती लिहिते, दोघं रंगवतात, चौथा खिडकीबाहेर पाहतो. हे टाळायला :

• गट चारचा ठेवा. पुढच्या बाकावरच्या दोघांनी मागे वळायचं. बाक सरकवण्यात पाच मिनिटं घालवू नका.
• काम असं द्या की एकट्याला पुरं करता येणार नाही. उदाहरणार्थ, इतिहासाच्या पाठाचे चार तुकडे चौघांना द्या. प्रत्येकाने आपला तुकडा वाचून इतरांना सांगितला, तरच शेवटचा प्रश्न सुटतो.
• चौघांना एक ते चार क्रमांक द्या. काम संपल्यावर तुम्ही चिठ्ठीने क्रमांक काढा. “सगळ्या गटांतले तीन नंबर उभे राहा.” उत्तर कोणाला द्यावं लागेल, हे आधी माहीत नसल्याने चौघंही एकमेकांना समजावतात.
• वेळ फळ्यावर लिहा. सात मिनिटं म्हणजे सातच.

शेरे, गुण आणि बक्षिसं

‘स्टार’, स्टिकर, ‘या आठवड्याचा आदर्श विद्यार्थी’ यांनी वर्ग चटकन हलतो, हे खरं. पण लेपर, ग्रीन आणि निसबेट या मानसशास्त्रज्ञांचा १९७३ चा प्रयोग ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ज्या लहान मुलांना चित्रं काढायला मुळातच आवडत होतं, त्यांच्यातल्या काहींना ‘चित्र काढलंत तर प्रमाणपत्र देऊ’ असं आधी सांगितलं. पुढे मोकळ्या वेळेत ही मुलं इतरांपेक्षा बरीच कमी चित्रं काढताना दिसली. ज्यांना न सांगता अचानक प्रमाणपत्र दिलं, त्यांची आवड मात्र ओसरली नाही. म्हणजे जे काम मूल आनंदाने करतं, त्याला आमिष बांधू नका. शाळेत सुरुवातीला ज्याला अजिबात गोडी नाही अशा कामासाठी छोटं प्रोत्साहन चालेल, पण ते लवकर काढून घ्या.

वहीतपासणीचंही असंच. इस्रायलच्या रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ज्या मुलांना फक्त शेरा मिळाला, त्यांची कामगिरी आणि आवड दोन्ही वाढली. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांना तो फायदा झाला नाही. आकडा दिसला, की मूल शेरा वाचत नाही, शेजाऱ्याचा आकडा वाचतं. आकारिक मूल्यमापनात नोंद करावीच लागते, ती तुमच्या वहीत करा. मुलाच्या वहीत ‘छान’, ‘प्रयत्न कर’ याऐवजी एक नेमकं वाक्य लिहा : “दुसऱ्या परिच्छेदात तू मत दिलंस, कारण नाही दिलंस. ते आज घाल.” सगळ्या वह्या रोज तपासायच्या नाहीत. रोज एक रांग पुरे.

अडचणी येतील त्या

*पोर्शन राहतो.* पोर्शन ‘संपवला’ आणि मुलांना आला, यात फरक आहे, हे घटक चाचणीत दरवेळी दिसतं. तरी वेळेची ओढाताण खरीच आहे. म्हणून प्रत्येक घटकाचा कणा असलेल्या दोन-तीन संकल्पना निवडा आणि वरची सविस्तर पद्धत फक्त त्यांच्यासाठी वापरा. माहितीचे उरलेले मुद्दे मुलांना घरी वाचायला आणि त्यावर दोन प्रश्न काढून आणायला सांगा.

*दहावी आहे.* तिथेही ठरवायला जागा असते. उजळणीचा क्रम मुलांनी ठरवावा. जुन्या प्रश्नपत्रिकांतल्या आपल्या चुकांची यादी प्रत्येकाने ठेवावी : कळलं नव्हतं, घाई झाली, प्रश्नच नीट वाचला नाही. स्वतःच्या चुकांचा हिशेब हाती असलेलं मूल ‘मी ढ आहे’ यापेक्षा जास्त उपयोगी काहीतरी म्हणू शकतं.

*द्विशिक्षकी शाळा आहे.* एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असतात, तिथे सगळा वेळ समोर उभं राहून शिकवणं शक्यच नसतं. एका इयत्तेला शिकवताना दुसरीने स्वतः काम करायचं असतं. स्वाध्यायकार्डांचा डबा, सूचना लिहिलेला फळ्याचा एक कोपरा आणि ‘अडलं तर आधी कार्ड पुन्हा वाच, मग जोडीदाराला विचार, मग मला’ हा नियम, एवढं बसलं की अशा शाळेतली मुलं मोठ्या शाळेतल्यांपेक्षा लवकर स्वावलंबी होतात.

*मुलंच कुरकुरतात.* “बाई, तुम्हीच सांगा ना,” हे ऐकून खचू नका. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या वर्गांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्वतः प्रश्न सोडवत शिकलेल्या विद्यार्थ्यांना आपण कमी शिकलो असं वाटलं. चाचणीत मात्र ते रंगतदार व्याख्यान ऐकणाऱ्यांपेक्षा जास्त शिकलेले आढळले. डोकं चालवायला कष्ट पडतात आणि कष्टालाच मूल ‘कळत नाही’ समजतं. हे त्यांना पहिल्या आठवड्यातच सांगून टाका. पालकसभेतही सांगा, म्हणजे ‘सर काही शिकवतच नाहीत’ ही तक्रार मुख्याध्यापकांपर्यंत जायच्या आत तिला उत्तर मिळालेलं असेल.

सुरुवात अशी करा

सगळं एकदम बदलायला गेलात, तर पंधरा दिवसांत जुन्या पद्धतीवर याल. एक विषय आणि एकच इयत्ता निवडा. पहिल्या आठवड्यात फक्त प्रश्नानंतर थांबायची सवय लावा. दुसऱ्या आठवड्यात तासाच्या शेवटची चिठ्ठी सुरू करा. तिसऱ्यात सरावासाठी निवड द्या. चौथ्यात क्रमांक दिलेले चारचे गट. ज्याने वर्ग बिघडला ते एक पाऊल मागे घ्या, उरलेलं चालू ठेवा.

महिनाभराने पुन्हा एक तास ध्वनिमुद्रित करा आणि तेच तीन आकडे मोजा. त्यांच्या जोडीला मुलांचे प्रश्न ऐका. “हे परीक्षेला आहे का?” हा प्रश्न कमी होऊन “असं केलं तर काय होईल?” हा वाढला असेल, कोरी सोडलेली उत्तरं घटली असतील आणि मागच्या बाकावरचं एखादं मूल न विचारता बोललं असेल, तर दुसरा विषय निवडायला हरकत नाही. आकडे हलले नसतील, तर केंद्राच्या शिक्षण परिषदेत ते ध्वनिमुद्रण सहकाऱ्यांना ऐकवा आणि विचारा, की यात मुलांना विचार करायला जागा कुठे राहिली नाही. बाहेरच्या कानाला ती जागा लगेच सापडते.